संगणक-संरक्षणाची विद्या आणि तिचा विद्यार्थी

नदीवर पूल बांधणारा अभियंता पुराचा, वाऱ्याचा आणि गाड्यांच्या भाराचा हिशेब करतो. पूर कितीही मोठा आला तरी तो पुलाचा नकाशा आधीं वाचून येत नाहीं; कोणता खांब कच्चा आहे हें हेरून तेवढ्यावरच तो धडक मारीत नाहीं. निसर्ग कठोर असेल, पण कपटी नसतो. बहुतेक शास्त्रांची उभारणी याच विश्वासावर झालेली आहे. संगणक-संरक्षणाच्या शास्त्राला मात्र हा विश्वास बाळगतां येत नाहीं. तेथें समोरचा प्रतिपक्षी बुद्धिमान असतो; तो नकाशा वाचतो, संधीची वाट पाहतो, आणि शंभर दारांपैकीं नव्याण्णव बंद असलीं तरी उघडें राहिलेलें शंभरावें दार शोधून काढतो. यामुळें या विषयाचा पदव्युत्तर अभ्यास इतर अभियांत्रिकी विषयांहून कांहींसा निराळा ठरतो. या वाटेला लागूं पाहणाऱ्या तरुणांना व त्यांच्या पालकांना त्याचें स्वरूप आधींच ठाऊक असणें इष्ट आहे.

भारतांत हा अभ्यास सामान्यतः अभियांत्रिकीची चार वर्षांची पदवी मिळाल्यावर, गेट नांवाची परीक्षा देऊन, दोन वर्षांच्या एम. टेक. च्या रूपानें करतां येतो. संशोधनाची ओढ असणारे पुढें पीएच. डी. कडे वळतात. मुंबई, कानपूर, खरगपूर येथील आय. आय. टी. मध्यें हा विषय शिकविला जातो. अभ्यासाचीं उद्दिष्टें मात्र जगभर सारखींच आहेत, व तीं तीन शब्दांत सांगतां येतात: गुप्तता, अविकृतता आणि उपलब्धता.

शाळेच्या परीक्षेचेंच उदाहरण घ्यावें. प्रश्नपत्रिका परीक्षेपूर्वींच फुटली, तर गुप्ततेचा भंग झाला. प्रश्नपत्रिका कोणीं पाहिली नाहीं, पण निकालाच्या पुस्तकांत पस्तिसाचे पंचेचाळीस झाले, तर अविकृततेचा भंग झाला. यांपैकीं कांहींच घडलें नाहीं, परंतु परीक्षेच्या सकाळीं कपाटाची किल्लीच सांपडेना व मुलें ताटकळत बसलीं, तर उपलब्धतेचा भंग झाला. हीं तिन्ही उद्दिष्टें एकमेकांशीं नेहमींच सलोख्यानें नांदत नाहींत. कपाटाला जितकीं अधिक कुलपें लावावीं, तितकी तें वेळेवर न उघडण्याची भीति अधिक. तिहींचा मेळ कसा घालावयाचा हा या विद्येचा खरा प्रश्न होय.

या विद्येच्या इतिहासांत एक प्रकरण असें आहे कीं, तें प्रत्येक विद्यार्थ्यानें बारकाईनें अभ्यासावें. त्याचें कारण असें कीं, त्या प्रकरणाचा कर्ता स्वतः पदव्युत्तर वर्गाचाच विद्यार्थी होता. सन १९८८ च्या नोव्हेंबरची २ तारीख. अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठांत नुकताच दाखल झालेला रॉबर्ट टॅपन मॉरिस हा बावीस वर्षांचा तरुण. त्यानें एक लहानशी आज्ञावली रचली व ती मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान-संस्थेंतील एका संगणकावरून जाळ्यांत सोडून दिली. एका संगणकांतून दुसऱ्यांत, दुसऱ्यांतून तिसऱ्यांत आपली प्रत आपणच नेऊन ठेवणें हें तिचें काम. कोणाचीं कागदपत्रें पुसणें किंवा चोरणें तिच्यांत मुळींच नव्हतें. एका संगणकांत एकच प्रत राहावी अशी तजवीजही कर्त्यानें केली होती. पण पहारेकऱ्यांनीं खोटी प्रत बसवून तिला फसवूं नये म्हणून दर सात वेळांपैकीं एकदां तिनें ही तजवीज मानूं नये, असेंही त्यानें लिहून ठेवलें. हा ‘सातांत एकदां’ चा हिशेब चुकला. एकेका संगणकांत प्रतींवर प्रती साचत गेल्या आणि यंत्रें अक्षरशः दमून थांबलीं. त्या काळीं इंटरनेटला सुमारे साठ हजार संगणक जोडलेले होते व त्यांतील सहा हजारांना ही बाधा झाली, असा त्या वेळचा ढोबळ अंदाज आहे.

आतां ती आज्ञावली परक्या यंत्रांत शिरली कशी, हें पाहण्यासारखें आहे. तिच्याजवळ चार वाटा होत्या. टपाल पोंचविणाऱ्या सेंडमेल या आज्ञावलींत, चांचणीपुरतें ठेवलेलें एक दार कित्येक ठिकाणीं उघडेंच राहून गेलें होतें. ही पहिली वाट. दुसरी वाट फिंगर नांवाच्या सेवेची. कोण हजर आहे हें सांगण्यापुरती ती सेवा. तिनें येणाऱ्या प्रश्नासाठीं ५१२ अक्षरांची जागा राखली होती, पण येणारा मजकूर तेवढाच आहे कीं नाहीं हें मोजण्याची तसदी घेतली नव्हती. मॉरिसच्या आज्ञावलीनें तिला ५३६ अक्षरें पाठविलीं. तिसरी वाट लोकांच्या सोप्या परवलीच्या शब्दांची. स्वतःचें नांव, तेंच उलटें, किंवा तिच्याजवळच्या ४३२ शब्दांच्या यादींतला एखादा शब्द ती लावून पाही. चौथी वाट शेजारधर्माची. एका संगणकानें दुसऱ्यावर आधींच विश्वास टाकलेला असे, म्हणून पहिला हातीं आला कीं दुसरा विनासायास मिळे.

यांतील दुसऱ्या वाटेचें मर्म थोडें उलगडून सांगितलें पाहिजे, कारण पदव्युत्तर वर्गांतील पहिले कांहीं आठवडे बहुधा त्यावरच खर्च होतात. हजेरीपटांत एका मुलाच्या नांवापुढें दहा चौकटी आखलेल्या आहेत, आणि लिहिणारा कारकून चौकटी न मोजतां बारा खुणा करीत सुटला, तर शेवटच्या दोन खुणा दुसऱ्या मुलाच्या ओळींत जाऊन पडतील. संगणकाच्या स्मृतींत त्या शेजारच्या ओळींत ‘हें काम संपल्यावर पुढें कोठें जावयाचें’ याचा पत्ता लिहिलेला असूं शकतो. जो मुद्दाम जास्त मजकूर पाठवितो तो त्या पत्त्यावर आपला पत्ता लिहितो, आणि मग यंत्र आपल्या धन्याचें न ऐकतां पाहुण्याचें ऐकूं लागतें. सी या भाषेंत ही मोजणी आपोआप होत नाहीं. ती लिहिणारानें करावी लागते.

त्या आज्ञावलीचें कोडें बर्कले, मॅसॅच्युसेट्स व पर्ड्यू येथील मंडळींनीं रात्रंदिवस खपून उलगडलें. त्याच महिन्यांत कार्नेगी-मेलन विद्यापीठांत अशा संकटसमयीं धांवून जाणारें पहिलें मदतकेंद्र स्थापन झालें. त्याच धर्तीचें केंद्रीय सरकारचें मदतकेंद्र भारतांत जानेवारी २००४ पासून काम पाहूं लागलें. मॉरिसवर खटला चालला. १९९० सालीं त्याला तीन वर्षें देखरेखीखालीं राहण्याची, चारशें तास समाजसेवेची आणि १०,०५० डॉलर दंडाची शिक्षा झाली; १९९१ मध्यें वरिष्ठ न्यायालयानें दोषाचा निर्णय कायम केला. नुकसान करण्याचा आपला हेतु नव्हता, हें म्हणणें न्यायालयानें पुरेसें मानलें नाहीं. परवानगीवांचून शिरण्याचा हेतु होता, एवढें दोष सिद्ध होण्यास पुरें झालें.

या कथेला आणखी एक पदर आहे. मॉरिसचे वडील, त्यांचेंही नांव रॉबर्ट मॉरिस, हे संरक्षणशास्त्रांतील नामांकित पंडित होते. १९७९ सालीं त्यांनीं केन टॉम्प्सन यांच्यासह परवलीच्या शब्दांवर एक निबंध प्रसिद्ध केला. लोकांनीं स्वतः निवडलेले ३,२८९ शब्द त्यांनीं तपासले, तेव्हां त्यांपैकीं शेंकडा ८६ शब्द सहज ओळखतां येण्याजोगे निघाले. वडिलांनीं जो धोका कागदावर दाखविला, त्याच वाटेनें नऊ वर्षांनीं मुलाची आज्ञावली हजारों यंत्रांत शिरली. ज्ञान दोघांजवळ सारखेंच होतें. एकानें तें लिहून जगापुढें ठेवलें आणि दुसऱ्यानें तें न विचारतां जगावर करून पाहिलें. पुढें मुलानेंही आपली वाट सुधारली. १९९९ सालीं त्यानें हार्वर्डची पीएच. डी. मिळविली, आणि ज्या संस्थेंतून ती आज्ञावली सुटली होती त्याच संस्थेंत तो प्राध्यापक झाला. शिक्षा भोगून माणूस विद्येकडे परत येऊं शकतो, ही गोष्ट शिक्षकांनीं विसरूं नये.

कोणी म्हणेल, जुन्या काळच्या चुका. आतां त्यांचें काय? तर एप्रिल २०१४ मध्यें उघडकीस आलेलें हार्टब्लीड प्रकरण पाहावें. दोन संगणकांचें गुप्त संभाषण चालूं असतां, पलीकडचा जागा आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं एक थोडासा मजकूर पाठवावयाचा व तोच परत मागावयाचा, अशी रीत आहे. ओपनएसएसएल या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या आज्ञावलींत, ‘मजकूर चार अक्षरांचा, पण परत करा साठ हजार’ असें कोणीं सांगितलें तर ती निमूटपणें शेजारच्या स्मृतींतील हजारों अक्षरें उचलून देत असे. त्यांत कोणाचा परवलीचा शब्द असे, कोणाची गुप्त किल्ली असे. पहिल्या प्रकरणांत लिहितांना मोजलें नव्हतें, दुसऱ्यांत वाचतांना मोजलें नाहीं. मधल्या पंचवीस वर्षांत यंत्रें हजारों पटींनीं वेगवान् झालीं, पण समोरच्याच्या शब्दावर विसंबण्याची मनुष्याची खोड तशीच राहिली.

म्हणूनच या अभ्यासांत उपकरणांपेक्षां तत्त्वांना मान अधिक आहे. तत्त्वें जुनीं आहेत. ऑगस्त केर्कहॉफ्स यांनीं १८८३ सालींच सांगून ठेवलें कीं, गुप्तलेखनाची पद्धति शत्रूच्या हातीं पडली तरी अडचण होऊं नये. गुप्त राहावयाची ती केवळ किल्ली. १९७५ सालीं सॉल्ट्झर आणि श्रोडर या दोघांनीं संरक्षणाचीं आठ तत्त्वें एका निबंधांत एकत्र केलीं, आणि आजही चांगला शिक्षक पहिल्या महिन्यांत तो निबंध विद्यार्थ्यांच्या हातीं देतो. ज्याला जेवढें काम तेवढाच अधिकार द्यावा, हें त्यांतील एक तत्त्व. शिपायाला घंटेची किल्ली द्यावी, तिजोरीची देऊं नये. शिपाई अप्रामाणिक आहे म्हणून नव्हे, तर त्याच्या खिशांतली किल्ली दुसरा कोणी मारील म्हणून. स्पष्ट परवानगी नसेल तर नकार समजावा, हें दुसरें. आणि संरक्षणाची रीत वापरणाराला सोपी वाटली पाहिजे, हें आणखी एक.

या शेवटच्या तत्त्वाकडे विद्वानांचें फार दिवस दुर्लक्ष झालें. १९९९ सालीं अल्मा व्हिटन आणि जे. डी. टायगर यांनीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. बारा सुशिक्षित माणसांना गुप्त टपाल पाठविण्याची एक नामांकित आज्ञावली दिली व दीड तासाची मुदत दिली. आज्ञावलीचें गणित निर्दोष होतें. पण त्या अवधींत बहुतेकांना पत्र नीट कुलूपबंद करून पाठवितां आलें नाहीं. ज्या कुलपाची किल्ली घरधन्यालाच फिरवतां येत नाहीं, तें कुलूप तो चार दिवसांनीं काढून ठेवतो. तेव्हां या विषयाच्या विद्यार्थ्याला यंत्राइतकाच माणूसही अभ्यासावा लागतो.

गणिताची बाजू तर याहून खोल आहे. पूर्वीं गुप्त पत्र लिहिणाराला व वाचणाराला एकच किल्ली आधीं गुपचूप वांटून घ्यावी लागे. १९७६ सालीं व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनीं, उघड्या रस्त्यावर बोलूनही दोघांना एक गुपित ठरवितां येतें हें दाखविलें. पुढच्याच वर्षीं रिव्हेस्ट, शमीर व ॲडलमन यांनीं, प्रचंड मूळसंख्यांच्या गुणाकाराचे पुन्हां अवयव पाडणें कठीण असतें या गोष्टीवर आपली पद्धति उभारली. शालेय अंकगणितांतल्या मूळसंख्या अशा रीतीनें बँकांच्या पहाऱ्याला उभ्या राहिल्या. एखादी संख्या मूळ आहे कीं नाहीं हें निश्चितपणें व वाजवी वेळांत ठरविण्याची रीत २००२ सालीं कानपूरच्या आय. आय. टी. मध्यें मणीन्द्र अग्रवाल यांनीं नीरज कयाल व नितीन सक्सेना या आपल्या तरुण विद्यार्थ्यांसह सिद्ध केली. व्यवहारांत त्याहून जलद अशा संभाव्यतेच्या रीती आधींच रूढ होत्या. तरी कित्येक पिढ्यांच्या प्रश्नाला उत्तर देण्यांत दोन विद्यार्थ्यांचा हात होता, ही गोष्ट उमेद वाढविणारी आहे.

गणितानेंही गर्व करूं नये, हेंही या विद्येनें शिकविलें. भावी क्वांटम संगणक मूळसंख्यांचें हें कुलूप उघडूं शकेल, असें पीटर शोर यांनीं १९९४ सालीं दाखविल्यापासून नव्या कुलपांचा शोध सुरू झाला. अमेरिकेच्या मानक-संस्थेनें उघड स्पर्धा मांडली. त्या स्पर्धेंत टिकून राहिलेली साइक नांवाची एक पद्धति २०२२ सालीं बेल्जममधील लूव्हेन विद्यापीठाच्या दोघां संशोधकांनीं मोडली. तिचें सर्वांत लहान मापाचें कुलूप एका साध्या संगणकावर सुमारे तासाभरांत उघडलें, आणि पद्धतीच्या कर्त्यांनींही ती असुरक्षित असल्याचें मोकळेपणानें मान्य केलें. ऑगस्ट २०२४ मध्यें त्या संस्थेनें पहिलीं तीन नवीं मानकें जाहीर केलीं, त्यांत साइक नाहीं. वर्षानुवर्षांचें काम तासाभरांत कोसळतांना पाहणें सोपें नव्हे. पण तें बँकांत आणि रुग्णालयांत जाऊन बसल्यावर कोसळण्यापेक्षां परीक्षकांच्या टेबलावर कोसळलें, हेंच या पद्धतीचें यश.

आतां या विषयावरचा जुना आक्षेप. मोडण्याची विद्या शिकविणें म्हणजे चोराला चोरी शिकविणें नव्हे काय? आक्षेप खोटा नाहीं, पण अपुरा आहे. वैद्यकाच्या विद्यार्थ्याला विषांचे गुणधर्म शिकविल्यावांचून त्याच्या हातून विषबाधेवर उपचार होणार नाहींत. ज्याला भिंत कशी फुटते हें ठाऊक नाहीं, त्यानें बांधलेली भिंत कोणत्या बळावर निर्धास्त मानावी? मात्र वैद्याला विष ज्या शिस्तीनें हाताळावें लागतें, तीच शिस्त येथेंही हवी. प्रयोग करावयाचा तो त्यासाठींच मांडलेल्या, बाहेरच्या जाळ्याशीं संबंध नसलेल्या यंत्रांवर. दुसऱ्याच्या यंत्राची तपासणी करावयाची तर मालकाची लेखी परवानगी घेऊन. आणि दोष सांपडला तर तो आधीं ज्याचा माल त्याला कळवावयाचा, दुरुस्तीला वाजवी मुदत द्यावयाची, आणि मग प्रसिद्ध करावयाचा.

ही शिस्त सोडली तर काय होतें, याचें अलीकडचें उदाहरण विद्यापीठांतलेंच आहे. लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम जगभरच्या लोकांनीं उघडपणें मिळून वाढविलेली आहे. तिच्या राखणदारांच्या नजरेंतून मुद्दाम सदोष केलेल्या दुरुस्त्या निसटतात काय, हें पाहण्यासाठीं मिनेसोटा विद्यापीठांतील संशोधकांनीं तशा दुरुस्त्या त्यांना न सांगतां पाठविल्या. विद्यापीठाच्या समितीनें हा मनुष्यांवरील प्रयोग नव्हे असें म्हणून सूट दिली होती. एप्रिल २०२१ मध्यें लिनक्सच्या चालकांनीं त्या विद्यापीठाकडून येणारें काम घेणेंच बंद केलें. संशोधकांनीं क्षमा मागितली आणि एका मोठ्या परिषदेनें स्वीकारलेला आपला निबंध मागें घेतला. प्रश्न शास्त्रीय होता, उत्तरही उपयुक्त होतें; पण ज्यांच्या श्रमावर हा प्रयोग चालला त्यांना कोणीं विचारलें नव्हतें. मॉरिसच्या प्रकरणानंतर बत्तीस वर्षांनीं तोच धडा पुन्हां गिरवावा लागला.

भारतीय विद्यार्थ्यानें आपला कायदाही वाचून ठेवावा. सन २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३ व्या कलमान्वयें, परवानगीवांचून दुसऱ्याच्या संगणकांत शिरणारावर नुकसानभरपाईची जबाबदारी येते. आणि तेंच कृत्य अप्रामाणिक हेतूनें केलें असेल, तर ६६ व्या कलमाखालीं तीन वर्षांपर्यंत कारावास, पांच लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. ‘सहज करून पाहिलें’ हें उत्तर तेथें चालत नाहीं.

या विद्येची गरज किती जवळची आहे हें महाराष्ट्रानें अनुभवलेलें आहे. ऑगस्ट २०१८ मध्यें पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर हल्ला झाला. एटीएम यंत्राकडून आलेली मागणी बँकेच्या मुख्य हिशेबाला विचारून मंजूर करणारा एक मध्यस्थ संगणक असतो. हल्लेखोरांनीं त्याच्या जागीं आपला खोटा मध्यस्थ उभा केला, आणि तो प्रत्येक मागणीला होकार देत गेला. मुख्य हिशेबाला कांहीं कळलेंच नाहीं. दोन दिवसांच्या व्यवहारांत सुमारे ९४ कोटी रुपये निघून गेले, आणि त्यांतील पुष्कळ रक्कम परदेशांतील यंत्रांतून काढली गेली. मध्यस्थाच्या शब्दावर किती विसंबावें, हा प्रश्न विद्यार्थी वर्गांत कागदावर सोडवितो. येथें त्याला लोकांच्या ठेवींचें मोल होतें.

या अभ्यासाला निघणाऱ्यानें शिदोरी कोणती बांधावी? उपकरणांचीं नांवें पाठ करून आणि झटपट प्रमाणपत्रें गोळा करून ही विद्या येत नाहीं. उपकरणें दोन वर्षांत बदलतात. ऑपरेटिंग सिस्टिम आंतून कशी चालते, जाळ्यांतून संदेश कसा जातो, आज्ञावली यंत्राच्या स्मृतींत कशी मांडली जाते, हें पक्कें असावें. अंकशास्त्र आणि संभाव्यता यांची भीति नसावी. प्रसिद्ध निबंध वाचतांना त्यांतला एक तरी प्रयोग स्वतःच्या हातानें पुन्हां करून पाहावा. निबंध समजला असें वाटणें आणि तो प्रत्यक्ष साधणें यांत बहुधा महिन्याचें अंतर असतें. केन टॉम्प्सन यांनीं १९८४ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानांत दाखवून दिलें कीं, आज्ञावलीचें भाषांतर करणारी आज्ञावलीच फितूर असेल, तर मूळ लेख कितीही तपासला तरी दोष दिसणार नाहीं. असा निबंध मुळांतून वाचणारा विद्यार्थी ‘हें मी कशावरून मानतों?’ असें प्रत्येक पायरीवर स्वतःस विचारूं लागतो. हीच संवय या शिक्षणाचें मुख्य फळ होय.

दुसरी संवय स्वच्छ लिहिण्याची. दोष सांपडला, पण तो समोरच्याला कळेल अशा भाषेंत मांडतां आला नाहीं, तर दुरुस्ती होत नाहीं. मराठी शाळेंतून आलेल्या विद्यार्थ्याला इंग्रजी निबंधांचें दडपण वाटण्याचें कारण नाहीं. जी गोष्ट त्याला स्वतःच्या भाषेंत आपल्या धाकट्या भावंडाला समजावितां येते, ती त्याला कळलेली असते. इंग्रजी शब्द सरावानें येतात.

पालकांनींही एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. इतर कारागिरांचें काम डोळ्यांना दिसतें. पूल दिसतो, इमारत दिसते. संरक्षकाचें काम नीट झालें तर कांहींच घडत नाहीं, आणि न घडलेल्या गोष्टीबद्दल कोणी हार घालीत नाहीं. ज्याला टाळ्यांची भूक फार, त्यानें दुसरी वाट धरावी. परंतु खेड्यांतल्या म्हाताऱ्याचें निवृत्तिवेतन, रुग्णाच्या तपासणीचे कागद, परीक्षेचे निकाल आणि घरोघरच्या ठेवी आज संगणकांत आहेत, आणि त्यांवर रात्रीं जागणारीं माणसें हवींच आहेत. तीं हुशार असलीं पाहिजेत हें खरें. पण हातीं आलेली किल्ली, कोणी पाहत नसतांनाही, विचारल्यावांचून न फिरविणारीं असलीं पाहिजेत, हें त्याहून खरें. पदवीच्या कागदावर याचे गुण छापतां येत नाहींत. ते वर्गांत, प्रयोगशाळेंत आणि घरांत, लहान लहान प्रसंगांतून, शिक्षकांनीं व पालकांनींच पाहावयाचे आहेत.